रिकामा प्रोजेक्ट रिकामा नसतो

गेल्या दिवाळीत आत्याने जाहीर केलं की मार्चपासून ती शिकवणी बंद करणार. कर्वेनगरमधल्या तिच्या हॉलमध्ये तीसेक वर्षं मुली गाणं शिकून गेल्या. आता गुडघे आणि दम दोन्ही कुरकुर करतात. तिच्याकडे चार जाड वह्या आहेत आणि त्यात शंभरेक बंदिशी. वहीत शब्द आहेत, स्वरलिपी आहे. पण मुखडा नेमका कुठून उचलायचा, कुठे स्वराला नुसतं टेकून पुढे जायचं, ते तिच्या गळ्यात आहे. फराळाचं ताट माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग मला हे सगळं एकदा टेप करून दे."

मी हिंजवडीत बॅकएंडचं काम करतो. सोपं काम आधी अवघड करून घेणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. फोनवर रेकॉर्ड करून भागलं असतं. मी तपकीर गल्लीत जाऊन एक एसएसडी आणली, जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली आणि त्याला डुअल बूट केलं: एका डिस्कवर विंडोज, दुसऱ्या डिस्कवर उबुंटू स्टुडिओ. पुढचे चार महिने दर शनिवारी मी तो लॅपटॉप, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक माइक घेऊन आत्याकडे जात होतो.

हा लेख त्या सेटअपची पाककृती नाही. कादंबरीची किंवा मैफलीची समीक्षा करतात तशी मला संगीताच्या सॉफ्टवेअरची समीक्षा करायची आहे. आपण गायकावर लिहितो, रागावर लिहितो, सवाईतल्या साउंड सिस्टिमवरही कुरकुरतो. पण आज कानावर पडणारं बहुतेक संगीत ज्या प्रोग्रॅममधून जातं, त्याच्याकडे आपण पंख्याच्या रेग्युलेटरकडे पाहावं तसं पाहतो. तो प्रोग्रॅम काही मतं घेऊनच आपल्यापुढे उघडतो. ती मतं वाचता येतात.

दोन घरं, साडेपाच तासांचा फरक

दोन घरं का? विंडोजच्या बाजूला बाजारातले बहुतेक प्लगइन चालतात, आणि माझा एक मित्र तिथेच त्याचे हिपहॉपचे बीट बनवतो. लिनक्सच्या बाजूला आर्डर आहे. हा मुक्त स्रोताचा रेकॉर्डिंग प्रोग्रॅम. त्याचा कोड कुणीही घेऊन स्वतः कम्पाइल करू शकतो. तयार प्रोग्रॅम हवा असेल तर थोडे पैसे द्यायचे. शिवाय लिनक्समध्ये आवाजाचा रस्ता आपल्याला दिसतो: माइक कुठे जोडलाय, हेडफोनला काय जातंय, मध्ये कोण थांबवतंय.

ही थांबवण्याची गोष्ट गाणाऱ्यासाठी महत्त्वाची असते. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने पुढे देत नाही, तो बादल्या भरून देतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना बादली १,०२४ नमुन्यांची ठेवली तर ती भरायला साधारण २१ मिलिसेकंद लागतात. जाताना एक आणि येताना एक धरली तर ४३. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकणाऱ्या आत्याला आपण चौदा-पंधरा मीटर लांब उभं राहून गातोय असं वाटणार. बादली ६४ नमुन्यांची केली की हेच अंतर एक मीटरच्या आत येतं. मैफलीत तबलजी जेवढ्या अंतरावर बसतो, साधारण तेवढं. इतक्या छोट्या बादल्या न सांडता वाहायच्या तर ऑपरेटिंग सिस्टिमने बाकीची कामं सोडून वेळेवर धावलं पाहिजे. लिनक्समध्ये यासाठी वीसेक वर्षं वेगळं काम चाललं होतं; ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य गाभ्यात सामील झालं.

डुअल बूट करताना मी एक चूक केली आणि एक गोष्ट शिकलो. चूक अशी की नव्या डिस्कचं पार्टिशन करायच्या भरात जुन्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन पुसलं. अख्खा रविवार ते परत उभं करण्यात गेला. यात दोष फक्त माझा. 'आधी बॅकअप' हे मी ऑफिसात रोज ज्युनियरना सांगतो.

शिकलो ती गोष्ट घड्याळाची. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असतानाही ते चालू राहतं. विंडोज मानतं की त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे. लिनक्स मानतं की त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे. म्हणून लिनक्सनंतर विंडोज उघडलं की पुण्यात रात्रीचे नऊ असताना पडद्यावर दुपारचे साडेतीन दिसतात. दोन्ही सिस्टिम आपापल्या जागी बरोबर आहेत. घड्याळातल्या आकड्याचा अर्थ काय, एवढंच त्यांनी आपापलं गृहीत धरलंय, आणि ते कुणी बोलून दाखवलेलं नाही. एका ओळीच्या सेटिंगने हे सुटतं, पण ती ओळ लिहायला आधी गृहीतक दिसावं लागतं. एकच सिस्टिम असती तर मला ते कधी दिसलंच नसतं.

१२० आणि चार-चार

पहिल्या शनिवारी मी आर्डरमध्ये नवं सेशन उघडलं. आत काहीच नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. वर कोपऱ्यात टेम्पो होता १२०. मात्रांची विभागणी चार-चार. विंडोजच्या बाजूला जाऊन एबलटन लाइव्ह उघडलं. तिथेही १२० आणि चार-चार. हा योगायोग नाही. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी हे प्रमाण आलं. १९८८ मध्ये मिडीच्या फाइलचं प्रमाण ठरलं. त्यात साफ लिहिलंय की फाइलमध्ये टेम्पो आणि ताल दिलेला नसेल तर मिनिटाला १२० आणि चार-चार धरावं. 'काही सांगितलं नाही' याचा अर्थ काय घ्यायचा, हे तेव्हापासून कागदावर आहे.

स्वरांचंही तेच. मिडीत स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा, पियानोच्या पट्ट्यांसारखा. दोन आकड्यांच्या मध्ये जागा नाही. मींड हवी तर 'पिच बेंड' नावाची वेगळी आज्ञा आहे, पण ती अख्ख्या चॅनेलला लागते. त्या चॅनेलवर दोन स्वर वाजत असतील तर दोन्ही सरकतात. या व्यवस्थेत स्वर हा मुक्कामाचा पत्ता आहे, आणि एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाणं ही नंतर चिकटवलेली सोय. आमच्या आत्याचं निम्मं गाणं त्या प्रवासात असतं.

त्या दिवशी रूपकातली एक बंदिश घेतली होती. मी हुशारीने सात मात्रांचा बार लावला, मेट्रोनोम सुरू केला आणि हेडफोन आत्याच्या कानाला लावले. तिने दोन आवर्तनं गायली आणि थांबली.

"हे टकटक कोण करतंय?"

"मेट्रोनोम, आत्या. लय सांगतोय."

"लय ठीक आहे. पण हा मेला समेवर काठी आपटतोय. रूपक आहे ना?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रूपकाचे विभाग तीन, दोन, दोन; आणि या तालाची खासियत अशी की त्याची समच खाली आहे. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेला तबल्याचा डग्गा बोलत नाही, घुमारा येतो तो चौथ्या मात्रेला. पाश्चात्त्य बारचा व्याकरणनियम उलटा: पहिला ठोका सर्वांत जड. सॉफ्टवेअरने सात मोजले होते. पण ताल म्हणजे निव्वळ मोजणी नव्हे. कुठे वजन टाकायचं आणि कुठे काढून घ्यायचं हेही त्यात येतं.

आर्डरमध्ये मेट्रोनोमचे दोन आवाज बदलता येतात, पहिल्या ठोक्याचा एक आणि बाकीच्यांचा एक. मी पहिल्याचा आवाज अगदी हलका केला. समेची खाली जमली, पण चौथ्या आणि सहाव्या मात्रेचं वजन कुठून आणणार? तिसऱ्या आवाजाला त्या चौकटीत जागाच नव्हती. शेवटी तबल्याचा ठेका वेगळ्या ट्रॅकवर ठेवला आणि मेट्रोनोमला रजा दिली.

विलंबित एकतालात तर चौकटच फाटली. संथ बडा ख्याल गाताना एक मात्रा चार-चार सेकंदांची होते, म्हणजे मिनिटाला पंधरा. बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटापेक्षा लांब. एबलटन लाइव्हमध्ये टेम्पो ९९९ पर्यंत चढवता येतो, पण २० च्या खाली उतरवता येत नाही. वाट काढता येते: एका मात्रेचे चार भाग करून ६० लिहायचं. तबलजीही मनात असेच भाग पाडतात. पण ते मनात पाडतात, आणि इथे पडद्यावर ६० दिसतो. वर ९९९ पर्यंत मोकळीक आणि खाली २० ला कुंपण, यावरून कुणाच्या कानासाठी जागा मोजली ते कळतं.

पेटीवरून झालेलं जुनं भांडण

हे सगळं मी आत्याला तावातावाने सांगत होतो. ती म्हणाली, "यात नवीन काय? आमच्याकडे पेटीवरून हेच झालं."

खरंच झालं होतं, आणि आपल्याच भागात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने बावीस श्रुती मोजून मांडायचा ध्यास घेतला. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये आलं. ई. क्लेमेंट्स हे इथेच नेमणुकीला असलेले आयसीएस अधिकारी त्यांच्या सोबत होते. गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ज्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. या मंडळींनी जास्तीच्या पट्ट्यांची एक श्रुती-हार्मोनियम इंग्लंडमध्ये बनवून घेतली. नेहमीच्या पेटीत बारा स्वर समान अंतरावर असतात, म्हणून तीत आपला गंधार सापडत नाही, हे त्यांचं निदान. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हा विषय तिथे गाजला. भातखंड्यांना ही मांडणी पटली नाही.

निदान खोटं नव्हतं. हे मी लॅपटॉपवर तपासलं. आत्या काळी चारमध्ये गाते. तिचा षड्ज साधारण २०७.६ हर्ट्झ. तानपुरा नीट लागला आणि जवारी उघडली की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, त्याचं षड्जाशी नातं पाचास चार. तो येतो २५९.६ ला. पेटीचा आणि सिंथचा गंधार २६१.६ ला. दोन हर्ट्झचा फरक, म्हणजे दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला दोनदा आवाज हेलकावतो. मी तिच्या गाण्याखाली हौसेने एक मऊ सिंथ पॅड टाकला होता. तिने कपाळाला आठ्या घातल्या तेव्हा मला वाटलं तिला 'मॉडर्न' आवडत नाही. तिला हेलकावे ऐकू येत होते.

पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली. ती सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. मधल्या काळात पेटी मात्र कुठे गेली नाही. नाटकांत होती, भजनात होती, घराघरांत रियाजाला होती. आणि आज १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच शिष्याच्या नावाने चालणाऱ्या उत्सवात, गायकाच्या बाजूला पेटी असते. जास्तीच्या पट्ट्यांची पेटी मागे पडली, साधी पेटी टिकली. कारण चांगला साथीदार पेटीतून गंधार काढायला जात नाही. गायक जिथे रेंगाळतो तिथे तो हात हलका करतो, अडचणीचा स्वर झाकतो, पुढे जातो. वाद्याचं मत काय आहे हे त्याला ठाऊक असतं आणि त्या मताला वळसा कसा घालायचा हेही.

शिवाय बावीस पट्ट्यांनीही प्रश्न सुटला नसता. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर प्रत्यक्ष मोजले, तेव्हा एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच रागात जागा बदलताना दिसला. जो स्वर मागचा-पुढचा पाहून हलतो, त्याला आणखी बारीक चौकोनात कोंबणं हा उपाय नाही.

लायसन्स मोकळं, लय तीच

इथे मला माझ्याच पक्षावर बोलायचं आहे. आम्ही लिनक्सवाले समजतो की कोड मुक्त झाला की बाकीचं स्वातंत्र्य त्याच्या मागून येतं. माझ्या लॅपटॉपवर दोन घरं होती: एक विकत घ्यायचं, एक मुक्त. दोन्ही घरांत १२० आणि चार-चार. आर्डरने मला लायसन्सचा सापळा दिला नाही, आवाजाचा रस्ता दाखवला, आत्याला तिचा आवाज वेळेवर ऐकवला. पण गाण्याची वेळ म्हणजे काय, याबद्दलचं त्याचं गृहीतक विंडोजवरच्या प्रोग्रॅमपेक्षा वेगळं नव्हतं. उलट स्वरांच्या बाबतीत विकतच्या प्रोग्रॅमने पाऊल उचललं: २०२४ च्या लाइव्ह १२ मध्ये बारा सम-स्वरांखेरीज दुसऱ्या स्वररचना लावता येतात. मुक्त बाजूला सर्ज एक्सटीसारखा सिंथ स्वररचनेच्या फाइली वाचतो. दोन्हीकडे खिडक्या आहेत, पण दोन्हीकडे त्या स्वतः शोधून उघडाव्या लागतात.

फरक आहे तो दुसऱ्या ठिकाणी. आर्डरची सेशन फाइल साधा मजकूर असते. मी ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि १२० कुठे लिहिलाय ते बोटाने दाखवता आलं. समीक्षकाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. मजकूर हातात असला की वाद घालता येतो. आणि वाद हरलो तरी सातव्या मात्रेनंतर समेला खाली ठेवणारा मेट्रोनोम लिहून देण्यापासून मला कुणी अडवलेलं नाही. तो अजून मी लिहिलेला नाही, हेही इथे नोंदवतो. 'आपल्या संगीताला सॉफ्टवेअर समजून घेत नाही' अशी तक्रार करणारे आपण बहुतेक जण सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो.

आणि चौकटीला नुसत्या शिव्या घालणंही खोटं ठरेल. माझ्या मित्राचा हिपहॉप त्या चौकटीत सुखाने नांदतो. चार-चारचा जाळीदार पडदा ही त्याच्या संगीताची मातृभाषा आहे. लाइव्हमध्ये लूप रचताना त्याचा हात जितका सहज चालतो तितका आर्डरमध्ये चालत नाही, कारण आर्डरचे मेन्यू म्हणजे तालुक्याच्या कचेरीतले कॉरिडॉर. चौकट नाकारायची किंमतही मी भोगली. मेट्रोनोमशिवाय केलेलं रेकॉर्डिंग नंतर कापणं अवघड जातं. आत्याच्या एका शिष्येला मुखड्याचा लूप करून हवा होता. जाळी नसल्यामुळे तो कानाने जुळवायला मला पाऊण तास लागला.

आम्ही शेवटी केलं ते फार साधं होतं. मेट्रोनोम बंद. जाळी बंद. कानात फक्त तिचा तानपुरा. गरज असेल तिथे ठेका. लाल बटण दाबायचं आणि मी गप्प बसायचं. मध्यलयीची एक बंदिश नंतर मोजून पाहिली तेव्हा लय सुरुवातीपेक्षा शेवटी चांगलीच चढलेली होती. पडद्यावर ती जाळीतून घसरलेली दिसते. ऐकताना बंदिश जिथे चढायला हवी तिथे चढते.

मार्चअखेर एकसष्ट बंदिशी झाल्या. बाकीच्या होतील तशा होतील. दोन डिस्कवर आणि आत्याच्या मुलीकडे एकेक प्रत आहे. परवा सगळ्या फाइली तपासताना एक गोष्ट लक्षात आली. आर्डर काय किंवा लाइव्ह काय, टेम्पोचा रकाना रिकामा सोडता येत नाही. मी मेट्रोनोम बंद केला, जाळी लपवली, तरी प्रत्येक सेशनमध्ये आकडा आहेच. एकसष्टही बंदिशींच्या फाइलीत, विलंबित ख्यालापासून तराण्यापर्यंत, टेम्पो १२० आणि ताल चार-चार लिहिलेला आहे. तीस वर्षांनी कुणी मुलगी या फाइली उघडेल तेव्हा तिला पहिल्यांदा हेच दिसेल, आणि मशीन तिला ते खात्रीने सांगेल.

म्हणून आता दर शनिवारी मी एकेक सेशन उघडतो आणि ट्रॅकच्या टिपणाच्या जागेत आत्याला विचारून राग आणि ताल लिहितो. त्याखाली एक ओळ घालतो: वरचा टेम्पो यंत्राचा आहे, गाणाऱ्या बाईंचा नाही. सतरा झाल्या आहेत.